थॉमस ओल्डहॅम

थॉमस ओल्डहॅम (४ मे १८१६ – १७ जुलै १८७८) हे आयरिश भूवैज्ञानिक आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले अधीक्षक होते. १८५१ ते १८७६ अशी पंचवीस वर्षे त्यांनी या संस्थेची धुरा वाहिली. भारतातील दगडी कोळसा, लोहखनिज व इतर खनिजे यांविषयीची माहिती त्यांच्यापूर्वी सरकारी कचेऱ्यांतील दप्तरांत, लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रवासवृत्तांतांत आणि खाणमालकांच्या खाजगी वह्यांत विखुरलेली होती. ती एकत्र आणून, पडताळून, नकाशावर मांडून आणि छापून कोणालाही तपासता येईल अशा स्वरूपात आणण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली. विंध्य पर्वतराजीतील खडकांच्या गटास विंध्यन हे नाव त्यांनीच दिले. आयर्लंडमध्ये सापडलेल्या ओल्डहॅमिया या जीवाश्मास त्यांचे नाव आहे.

प्रारंभिक जीवन

ओल्डहॅम यांचा जन्म आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. तेथील ट्रिनिटी कॉलेजातून १८३६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. पुढे ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी गेले. तेथे रॉबर्ट जेमसन यांच्या सहवासात त्यांना भूविज्ञानाची गोडी लागली. जेमसन हे खनिजांचा मोठा संग्रह बाळगणारे आणि विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर डोंगरांत नेणारे अध्यापक म्हणून प्रसिद्ध होते.

आयर्लंडला परतल्यावर ओल्डहॅम यांनी कॅप्टन जोसेफ पोर्टलॉक यांच्या हाताखाली आयर्लंडच्या मोजणी खात्यातील भूवैज्ञानिक विभागात काम केले. लंडनडेरी आणि त्याच्या शेजारील परगण्यांच्या भूरचनेवरील पोर्टलॉक यांचा मोठा अहवाल १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ओल्डहॅम यांनी क्षेत्रकार्य केले होते. १८४५ मध्ये ते ट्रिनिटी कॉलेजात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८४६ मध्ये आयर्लंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे स्थानिक संचालक. १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस होते.

डब्लिनच्या दक्षिणेस समुद्रकाठी ब्रे हेड नावाचे टेकाड आहे. तेथील अतिप्राचीन खडकांत पंख्याप्रमाणे पसरलेल्या बारीक रेषांचे ठसे ओल्डहॅम यांना आढळले. एडवर्ड फोर्ब्स यांनी त्यांस ओल्डहॅमिया असे नाव दिले. हे ठसे प्रत्यक्ष प्राण्याच्या शरीराचे नसून तळगाळात वावरणाऱ्या जीवांच्या हालचालींच्या खुणा आहेत, असे आज मानले जाते.

भारतातील पूर्वस्थिती

ओल्डहॅम यांनी भारतात काय केले हे समजण्यासाठी त्यांच्या आधी काय होते हे पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगेवर आगबोटी फिरू लागल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीस दगडी कोळशाची निकड भासू लागली. बंगालमधील राणीगंज परिसरात कोळसा काढला जात होता, परंतु तो किती आहे, कोठवर पसरला आहे आणि देशात आणखी कोठे आहे, याची खात्रीलायक माहिती कोणाजवळच नव्हती. १८३६-३७ च्या सुमारास कंपनीच्या सरकारने कोळसा व इतर खनिजांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. वैद्यकीय सेवेतील डॉ. जॉन मॅक्लेलंड हे तिचे सचिव होते. समितीने गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून वृत्तांत मागविले, नमुने जमविले आणि अहवाल छापले.

समितीचा हेतू चांगला होता, पण तिच्या कामात एक मूलभूत उणीव राहिली. ज्याने जे पाहिले ते त्याने आपापल्या शब्दांत लिहून पाठविले होते. एकाचा कोळसा दुसऱ्याच्या लेखी काळी माती असे. एका वृत्तांतातील ठिकाण दुसऱ्यातील ठिकाणाशी जुळवून पाहण्यास विश्वसनीय नकाशा नव्हता. माहितीचा ढीग झाला, परंतु तिची सांगड लागली नाही. प्रशिक्षित भूवैज्ञानिकाची मागणी समितीनेच केली आणि १८४६ मध्ये ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील डी. एच. विल्यम्स हे भारतात आले. राणीगंज भागात त्यांनी पद्धतशीर काम सुरू केले. मात्र १८४८ च्या नोव्हेंबरात जंगली तापाने त्यांचा मृत्यू झाला. नंतरची दोन-अडीच वर्षे मॅक्लेलंड यांनी हे काम हंगामी स्वरूपात सांभाळले.

कलकत्त्यास आगमन

विल्यम्स यांच्या जागी ओल्डहॅम यांची निवड झाली. १८५० मध्ये त्यांचा लुइसा मटिल्डा डिक्सन यांच्याशी विवाह झाला, आणि मार्च १८५१ मध्ये त्यांनी कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे कार्यभार स्वीकारला. याच घटनेपासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना मोजली जाते. प्रारंभी संस्था म्हणजे जवळजवळ एकटे ओल्डहॅमच होते. प्रशिक्षित सहकारी, ग्रंथालय आणि नमुन्यांचा व्यवस्थित संग्रह या साऱ्यांची उभारणी व्हावयाची होती.

पहिल्या हंगामात ते खासी टेकड्यांत गेले. चेरापुंजी परिसरातील कोळसा आणि चुनखडी यांची पाहणी करून त्यांनी त्या भागाच्या रचनेचे वर्णन लिहिले. १८५२ मध्ये दामोदर खोरे व बीरभूम जिल्ह्यातील लोहखनिज आणि तेथील देशी भट्ट्या त्यांनी पाहिल्या. बीरभूममधील लोहारांच्या भट्ट्या इतर ठिकाणच्या लहान भट्ट्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. त्यांत लोखंड कसे गाळले जाते हे त्यांनी आपल्या अहवालात नोंदविले.

नकाशा आधी की कोळसा आधी

ओल्डहॅम यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा प्रश्न येथेच उभा राहिला आणि पंचवीस वर्षे तो पुरता मिटला नाही. सरकारला कोळसा हवा होता, आणि तोही लवकर. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५५ मध्ये बंगालमधील रेल्वे राणीगंजपर्यंत पोहोचली. प्रत्येक नव्या लोहमार्गाबरोबर इंजिनांची भूक वाढत होती. एखाद्या जिल्हाधिकाऱ्यास नाल्यात काळा दगड सापडला की भूवैज्ञानिकाने तेथे धावून जावे आणि खाण काढावी की नाही ते सांगावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असे.

ओल्डहॅम यांना ही पद्धत मान्य नव्हती. सुट्या जागांना भेटी देऊन दिलेले मत त्या माणसाबरोबरच संपते आणि दहा वर्षांनी दुसऱ्याला तेच काम पुन्हा करावे लागते, अशी त्यांची धारणा होती. समितीच्या काळात नेमके हेच झाले होते. म्हणून देशाचे सर्वेक्षण भागशः, सलग आणि एकाच पद्धतीने व्हावे, प्रत्येक भागाचा नकाशा रंगवावा, खडकांचे गट व त्यांचा क्रम निश्चित करावा आणि खनिजांचा विचार त्या चौकटीत करावा, असा आग्रह त्यांनी धरला.

या आग्रहामागे व्यवहार होता, तो समजून घेतला पाहिजे. कोळसा कोठेही सापडत नाही. विशिष्ट काळी, विशिष्ट परिस्थितीत साचलेल्या थरांतच तो असतो. दामोदर खोऱ्यात आणि ओरिसातील तालचेर येथे या थरांचा क्रम हळूहळू उलगडला. सर्वांत खाली मोठमोठे धोंडे आणि बारीक गाळ एकत्र असलेला तालचेर थर, त्यावर कोळसा धारण करणारा दामुदा गट आणि त्याच्याही वर कोळसा नसलेले थर. हा क्रम एकदा हाती आला की भूपृष्ठावर कोळशाचा एकही तुकडा दिसत नसताना तो खाली असण्याचा संभव आहे की नाही, हे सांगता येते. कोठे खोदू नये हेही सांगता येते, आणि भांडवल घालणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती कमी मोलाची नव्हे. केवळ काळ्या रंगावरून फसून खड्डे खणण्याचे प्रकार त्या काळी ठिकठिकाणी होत असत.

क्रम ठरविण्यासाठी जीवाश्मांचा आधार लागे. दामुदा गटातील ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जीवाश्मांची सुबक चित्रे छापण्यावर सरकारी पैसा खर्च व्हावा का, अशी शंका व्यवहारी वृत्तीच्या वाचकास येणे स्वाभाविक आहे. परंतु पानांचे ठसे ओळखता आले नाहीत, तर दोनशे मैल दूर असलेले दोन थर एकाच काळचे आहेत हे ठरविण्यास दुसरे साधन नव्हते. ओल्डहॅम यांनी हा खर्च चालू ठेवला. दुसरीकडे, निकडीच्या प्रसंगी खनिजांची तातडीची पाहणी करण्यासही त्यांनी माणसे पाठविली. सर्वस्वी एका बाजूचा आग्रह त्यांना परवडणारा नव्हता.

सहकारी आणि कामाची रीत

ओल्डहॅम यांनी माणसे निवडली, हे त्यांचे मोठे काम होय. हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट १८५४ मध्ये, तर विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू १८५५ मध्ये संस्थेत आले. ब्लॅनफर्ड बंधूंना थिओबाल्ड यांच्याबरोबर लगेच तालचेरकडे पाठविण्यात आले. तेथील धोंड्यांच्या थराचे कारण त्यांनी बर्फाच्या क्रियेत शोधले. उष्ण कटिबंधातील देशात एके काळी बर्फ होते हे विधान त्या वेळी अनेकांना धाडसाचे वाटले, पण ते पुढे खरे ठरले. विल्यम किंग, रॉबर्ट ब्रूस फूट, थिओडोर ह्यूज, मोराव्हियात जन्मलेले फर्डिनांड स्टोलिझ्का हे आणखी काही सहकारी. यांतील फूट यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार शोधले आणि भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया घातला. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८६२ मध्ये संस्था सोडून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन पत्करले आणि पुढे ते भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले.

कामाची रीत ठरलेली होती. पावसाळा संपला की अधिकारी तंबू, बैलगाड्या किंवा हत्ती घेऊन आपापल्या भागांत जात आणि उन्हाळा तापेपर्यंत पायी व घोड्यावरून नकाशा भरीत. पावसाळ्यात सर्वजण कलकत्त्यास परतून अहवाल लिहीत, नमुने लावीत आणि एकमेकांचे काम तपासीत. वर्षातील हे काही महिने एकाच छपराखाली काढल्यामुळे एकाच्या भागातील थर दुसऱ्याच्या भागातील थरांशी जोडले जात. आधीच्या समितीजवळ नसलेली गोष्ट हीच होती. क्षेत्रकार्याची किंमतही मोठी होती. ताप, हगवण आणि उन्हाचा झटका यांनी अनेकांची प्रकृती कायमची ढासळली. स्टोलिझ्का हे यारकंदच्या मोहिमेवरून परतत असताना जून १८७४ मध्ये लडाखमध्ये मरण पावले.

छापील ज्ञान

ओल्डहॅम यांनी तीन प्रकाशनमाला सुरू केल्या. मेमॉयर्स ही माला १८५६ पासून भागाभागाने निघू लागली आणि तिचा पहिला खंड १८५९ मध्ये पूर्ण झाला. एखाद्या प्रदेशाचे सविस्तर वर्णन आणि नकाशा असे तिचे स्वरूप होते. १८६१ पासून पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका ही जीवाश्मांची सचित्र माला सुरू झाली. तीत राजमहाल टेकड्यांतील जीवाश्म वनस्पतींवरचा ग्रंथ स्वतः ओल्डहॅम यांनी जॉन मॉरिस यांच्यासह १८६३ मध्ये लिहिला, आणि दक्षिण भारतातील क्रिटेशस काळच्या सागरी जीवांवरचे स्टोलिझ्का यांचे मोठे काम याच मालेत आले. १८६८ मध्ये रेकॉर्ड्स ही तिसरी माला निघाली. तिच्यात लहान टिपणे, वार्षिक अहवाल, नव्याने मिळालेल्या खनिजांची माहिती आणि ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या याद्या असत. मोठा ग्रंथ तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तोवर हाती आलेली माहिती कुलपात राहू नये ही तिची सोय.

या माला जगभरच्या विद्वत्सभांकडे व सर्वेक्षणांकडे पाठविल्या जात आणि त्या बदल्यात त्यांची प्रकाशने कलकत्त्यास येत. या देवघेवीतून संस्थेचे ग्रंथालय पुष्कळसे उभे राहिले. नमुन्यांच्या बाबतीतही अशीच व्यवस्था होती. कलकत्त्यात १८४० च्या सुमारास आर्थिक भूविज्ञानाचे एक संग्रहालय निघाले होते आणि हेन्री पिडिंग्टन हे त्याचे अभिरक्षक होते. ते पुढे सर्वेक्षणाकडे आले. जिल्ह्यांतील अधिकारी, अभियंते, मळेवाले आणि खाणमालक यांनी पाठविलेले खनिज तपासून त्यांना निष्कर्ष कळविला जाई, व नमुना ठिकाणाच्या नोंदीसह संग्रहात राही. कोळशाच्या बाबतीत त्यातील कार्बन, उडून जाणारा भाग आणि राख यांचे प्रमाण काढले जाई. भारतीय कोळशात राख अधिक असते, हे अशा तपासण्यांतूनच स्पष्ट झाले.

कोळशाची मोजदाद

ओल्डहॅम यांच्या कामाचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. मेमॉयर्सच्या तिसऱ्या खंडात, विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या राणीगंज क्षेत्रावरील वर्णनाच्या जोडीला, ओल्डहॅम यांनी भारतीय खनिजांच्या आकडेवारीवर एक प्रकरण लिहिले. त्यात कोळशाचा विचार होता. खाणी किती, कोणाच्या, त्यांतून दरवर्षी किती कोळसा निघतो, ही माहिती त्यांनी खाणमालकांना लिहून मिळविली. पुढे सातव्या खंडातही त्यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. भारताच्या कोळसासंपत्तीवर व उत्पादनावर त्यांनी सरकारसाठी स्वतंत्र अहवालही लिहिला.

आज सरकारी खाती ही आकडेवारी नियमाने प्रसिद्ध करतात आणि आपण ती गृहीत धरतो. त्या काळी माहिती देण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन खाणमालकांवर नव्हते. आपल्या खाणीतून किती माल निघतो हे प्रतिस्पर्ध्यास कळू नये अशीच व्यापाऱ्याची इच्छा असते. अशा परिस्थितीत सरकारी अधिकाऱ्याने पत्रव्यवहार करून ती मिळवावी, एकत्र करावी आणि सर्वांपुढे ठेवावी, यासाठी लागणारा विश्वास हा त्याच्या संस्थेच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून होता. संस्था स्वतः खाण चालवीत नव्हती, ही गोष्ट येथे उपयोगी पडली असावी. रेल्वे कंपन्या, खाणमालक आणि सरकार हे तिन्ही पक्ष एकाच आकड्यांवर बोलू लागले, तर वादाचे निदान एक कारण कमी होते.

याच काळात कोळसाक्षेत्रांची एकेक वर्णने बाहेर पडत होती. राणीगंजनंतर ह्यूज यांचे झरिया क्षेत्रावरील वर्णन १८६६ मध्ये आले, आणि त्यामागोमाग बोकारो व करहरबारी यांची. पुढील शतकात भारताच्या पोलाद उद्योगास ज्या झरियाचा कोळसा लागला, त्याचा पद्धतशीर नकाशा अशा रीतीने आधीच छापून तयार होता.

मध्य प्रांत आणि चांदा

महाराष्ट्राच्या बहुतांश भागावर दख्खनच्या लाव्हाचा काळा कातळ पसरलेला आहे. या कातळात कोळसा असू शकत नाही, आणि त्यामुळे मुंबई इलाख्यातील रेल्वेस बराच काळ समुद्रमार्गे आलेल्या विलायती कोळशावर अवलंबून राहावे लागले. कातळाची ही चादर पूर्वेकडे जेथे संपते, त्या वर्धा नदीच्या खोऱ्यात मात्र खालचे कोळसाधारी थर उघडे पडतात. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि या थरांना एकदम महत्त्व आले.

नागपूर परिसराच्या भूविज्ञानाचा आरंभ सरकारी सर्वेक्षणाने झालेला नाही. तेथील स्कॉटिश मिशनमधील स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर हिंडून जीवाश्म जमविले आणि त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदी ओलांडताना बुडून मरण पावले. एका शिक्षकाने फावल्या वेळात केलेल्या या कामाची पुढच्या सर्वेक्षकांना मोठी मदत झाली, हे विदर्भातील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रेकॉर्ड्सच्या पहिल्याच खंडात चांदा (आताचे चंद्रपूर) परिसरातील कोळशाच्या थरांवर टिपण आले. सत्तरच्या दशकात वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली. ह्यूज यांनी संपूर्ण वर्धा खोऱ्याचे सविस्तर वर्णन १८७७ मध्ये मेमॉयर्समध्ये प्रसिद्ध केले. तोवर ओल्डहॅम निवृत्त झाले होते, परंतु टिपणापासून नकाशासह ग्रंथापर्यंतचा हा प्रवास त्यांनी आखलेल्या पद्धतीनेच झाला. या थरांच्या समूहास मेडलिकॉट यांनी गोंडांच्या भूमीवरून गोंडवन हे नाव सुचविले. ते १८७६ मध्ये छापील स्वरूपात आले. पुढे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडवर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडास गोंडवनलँड म्हटले, आणि चांद्याच्या गोंड राज्याची आठवण देणारे हे नाव जगाच्या भूविज्ञानात रुजले.

ब्रह्मदेश, भूकंप आणि इतर अभ्यास

१८५५ मध्ये आर्थर फेअर यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशाच्या राजाकडे आवा येथे एक शिष्टमंडळ गेले. हेन्री यूल हे त्याचे सचिव होते आणि ओल्डहॅम भूवैज्ञानिक म्हणून बरोबर होते. इरावती नदीकाठी येनानजाँग येथे स्थानिक लोक हातांनी खोल विहिरी खणून त्यांतून खनिज तेल काढीत. ओल्डहॅम यांनी तेथील थरांचे आणि या विहिरींचे वर्णन केले. यूल यांच्या प्रवासग्रंथात त्यांच्या भूवैज्ञानिक नोंदी समाविष्ट आहेत.

१० जानेवारी १८६९ रोजी काचार भागात मोठा भूकंप झाला. ओल्डहॅम यांनी त्याची पाहणी केली. भारतातील पूर्वीच्या भूकंपांची सूची आणि उष्ण पाण्याच्या झऱ्यांची सूची हेही त्यांचे संकल्प होते. हे तिन्ही अभ्यास त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी ते संपादित केले आणि १८८२-८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपदही ओल्डहॅम यांनी भूषविले. सत्तरच्या दशकात संस्थेचा संग्रह चौरंगी रस्त्यावरील इंडियन म्युझियमच्या नव्या वास्तूत गेला व सर्वसामान्य लोकांस पाहण्यास खुला झाला.

मर्यादा

ओल्डहॅम यांनी उभारलेल्या या ज्ञानव्यवस्थेत देशी लोकांचे स्थान फार अपुरे होते. कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या जागा बहुधा स्थानिक लोकांना आधीच ठाऊक असत. वाट दाखविणारे, खड्डे खणणारे आणि भट्टी चालविणारे हात त्यांचेच होते, पण छापील पानांत त्यांची नावे क्वचितच आढळतात. अधिकारी म्हणून तर भारतीयांना प्रवेशच नव्हता. १८७३-७४ च्या सुमारास राम सिंग, किशन सिंग आणि हिरालाल या तरुणांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. वरिष्ठ श्रेणीत पहिले भारतीय प्रमथनाथ बोस हे १८८० मध्ये, म्हणजे ओल्डहॅम यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी आले. मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाकडे टाटांचे लक्ष वेधणारे हेच ते बोस. ही माला सर्वांसाठी खुली होती असे म्हणताना, ती इंग्रजी वाचणाऱ्या थोड्यांसाठी खुली होती, हेही सांगितले पाहिजे. तिचा पहिला लाभ राज्यकर्त्या सरकारला आणि रेल्वे कंपन्यांना झाला.

संस्थेच्या आतही सारे सुरळीत नव्हते. ओल्डहॅम शिस्तीचे कडक होते. कामाचा वेग संथ आहे ही तक्रार सरकार करीत राहिले. एवढा विस्तीर्ण देश आणि मोजकी माणसे हे प्रमाण पाहता वेग याहून फार वाढणे शक्य नव्हते, असे आज दिसते. देशाचा मोठा भाग त्यांच्या निवृत्तीच्या वेळीही नकाशावर कोराच होता.

सन्मान, निवृत्ती आणि निधन

ट्रिनिटी कॉलेजने ओल्डहॅम यांना १८७४ मध्ये सन्माननीय पदवी दिली. १८७५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांस रॉयल पदक दिले. ढासळलेल्या प्रकृतीमुळे १८७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि मेडलिकॉट त्यांच्या जागी आले. ओल्डहॅम इंग्लंडमधील रग्बी या गावी स्थायिक झाले. १७ जुलै १८७८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

पंचवीस वर्षे जमविलेल्या माहितीचे सार एका ग्रंथात आणि एका नकाशात पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. मेडलिकॉट आणि विल्यम ब्लॅनफर्ड यांनी लिहिलेला भारताच्या भूविज्ञानाचा ग्रंथ देशाच्या भूवैज्ञानिक नकाशासह १८७९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात प्रसिद्ध झाला. त्याचा आर्थिक भूविज्ञानावरील भाग व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८८१ मध्ये पूर्ण केला. कोळसा, लोखंड, तांबे, सोने, हिरे, मीठ आणि बांधकामाचा दगड यांची देशभरातील ठिकाणे त्यात खनिजवार दिलेली आहेत, आणि ती मुख्यतः ओल्डहॅम यांच्या काळातील नोंदींवर आधारलेली आहेत.

वारसा

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम (१८५८–१९३६) हे वडिलांच्या निधनानंतर १८७९ मध्ये याच संस्थेत दाखल झाले. १८९७ च्या आसाम भूकंपाचा त्यांनी केलेला अभ्यास अभिजात मानला जातो. भूकंपलहरींच्या नोंदींवरून पृथ्वीच्या पोटात एक वेगळा गाभा आहे, हे त्यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले.

थॉमस ओल्डहॅम यांनी सुरू केलेल्या रेकॉर्ड्स, मेमॉयर्स आणि पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका या माला त्यांच्यानंतरही संस्थेने चालू ठेवल्या. संस्थेचे मुख्यालय कोलकात्यातच आहे, तर मध्य विभागाचे कार्यालय नागपूर येथे आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा आज नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडून काढला जातो.